गावच्या रुग्णवाहिकेत मागे कोण बसणार?

आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून, एखाद्या साखर कारखान्याच्या देणगीतून किंवा मुंबईकर मंडळींच्या वर्गणीतून गावाला रुग्णवाहिका मिळते, नारळ फुटतो, छायाचित्र छापून येते आणि वर्ष उलटायच्या आत तीच गाडी ग्रामपंचायतीच्या आवारात बॅटरी उतरलेल्या अवस्थेत उभी असते, हे दृश्य महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांना परके नाही. डिझेलला पैसे नव्हते असे कारण सांगितले जाते. पण हिशेबाची वही नीट पाहिली तर डिझेलच्या आधी माणसे संपलेली असतात. चालक कसाबसा मिळतो. रुग्णाशेजारी बसून वाटेत त्याचा श्वास, नाडी आणि रक्तस्राव सांभाळणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी टिकत नाही. तो नसेल तर रुग्णवाहिका म्हणजे वर दिवा लावलेली जीप. म्हणून ज्या मंडळाने, विश्वस्त संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने स्वयंसेवकांच्या बळावर अशी सेवा चालवायचे ठरवले आहे, त्यांनी गाडीच्या आधी मागे बसणाऱ्या माणसाचा विचार करावा. तो कसा करावा, हे पुढे सांगितले आहे.

आधी स्वतःचे काम ओळखावे

राज्याची १०८ सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक स्वरूपाच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा अशी तिची रचना आहे. गावच्या सेवेने तिच्याशी स्पर्धा करू नये. ते शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. १०८ ची गाडी बहुधा तालुक्याच्या ठिकाणी किंवा महामार्गालगत उभी असते. घाटातल्या वस्तीपर्यंत किंवा नदीपलीकडच्या पाड्यापर्यंत ती येईस्तोवर जो वेळ जातो, तो भरून काढणे हे गावच्या सेवेचे खरे काम. गरोदर मातांसाठी १०२ ची गाडी आहे, तिलाही हेच लागू होते. फोन आला की आधी १०८ ला कळवावे आणि मग आपली गाडी काढावी. हा क्रम कधीही उलटा करू नये, कारण आपली गाडी वाटेत बंद पडली तर मागून कोणीतरी निघालेले असले पाहिजे.

माणसे नेमण्यापूर्वी किमान तीन महिने एक नोंदवही ठेवावी. गाडी अजून आली नसली तरी चालेल. आशा सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पोलीस पाटील यांना विचारून गावात कोणत्या वेळी, कोणत्या कारणाने रुग्ण हलवावा लागला हे लिहीत जावे. या वहीतून दोन गोष्टी उघड होतात. एक, कारणे ऋतूप्रमाणे बदलतात: पावसाळ्यात सर्पदंश आणि विजेचा धक्का, ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवे नसलेल्या ट्रॉलीवर आदळलेल्या दुचाकी, कापूसपट्ट्यात फवारणीच्या दिवसांत विषबाधा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हापासून तिकडच्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: गाव कोणत्या वेळी रिकामे असते. तरुण मंडळी सकाळी एमआयडीसीत, शहरात किंवा शेतावर गेलेली असतात. स्वयंसेवक रात्री घरी असतो, दुपारी दोन वाजता नसतो.

पाळ्यांचे गणित

आठवड्यात १६८ तास असतात. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असे धरले तर एक जागा अहोरात्र भरण्यासाठी साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण आणि लग्नसराई धरली की चार. चालक आणि परिचर (रुग्णाशेजारी मागे बसणारा) अशा दोन जागांसाठी आठ पगारी माणसे पोसणे कोणत्याही गावाला परवडणारे नाही. सगळेच स्वयंसेवक ठेवले तर दुपार उघडी पडते. यातून निघणारा माझ्या मते सर्वांत व्यवहार्य मार्ग असा, की पगार दिवसासाठी द्यावा आणि रात्र स्वयंसेवकांवर सोपवावी. अनेक संस्था नेमके उलटे करतात, कारण रात्रीचे काम अवघड वाटते आणि दिवसा कोणीतरी भेटेलच असे गृहीत धरले जाते.

सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशा सात पाळ्या आठवड्यात येतात. दोन प्रशिक्षित परिचर नेमले आणि प्रत्येकाने पाच दिवस काम केले तर दहा पाळ्या हातात येतात. म्हणजे तीन पाळ्या शिल्लक राहतात. या तीन पाळ्या वाया जातात असे कोषाध्यक्षाला वाटेल, पण त्या वाचवण्याच्या फंदात पडू नये. साहित्य मोजणे, ऑक्सिजन भरून आणणे, स्वयंसेवकांना शिकवणे, आणि एकाची रजा दुसऱ्याने भरून काढणे हे सारे त्या तीन पाळ्यांत होते. दिवसाच्या चालकासाठीही हेच गणित करावे. मात्र गावात स्वतःचा टेम्पो किंवा रिक्षा चालवणारे, वाहतुकीचा परवाना असलेले लोक असतील, तर फेरीमागे मानधन देऊन भागू शकते.

रात्रीसाठी प्रत्येक स्वयंसेवकाच्या वाट्याला आठवड्यात एकच रात्र यावी. चालक आणि परिचर धरून सात रात्रींना चौदा जण लागतात. बदली धरून अठरा ते वीस जणांची यादी हवी. एवढी माणसे एका गावात मिळत नसतील तर शेजारच्या दोन गावांना सामील करून घ्यावे, पण एकाच उत्साही तरुणावर आठवड्यातल्या चार रात्री टाकू नयेत. तो आनंदाने हो म्हणेल आणि दिवाळीनंतर फोन उचलणे बंद करेल. पहाटे तीन वाजता जिल्हा रुग्णालयातून परतलेल्या स्वयंसेवकाने सकाळच्या पाळीला दुचाकीवरून कारखान्यात जाणेही धोक्याचे असते. शक्य असेल तर त्याच्या मालकाशी संस्थेच्या अध्यक्षांनी आधीच बोलून ठेवावे.

कोणाला नेमावे

‘पॅरामेडिकल स्टाफ पाहिजे’ अशी जाहिरात देऊ नये. आपल्याकडे हा शब्द इतका सैल वापरला जातो की प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एक्स-रे तंत्रज्ञ आणि शस्त्रक्रियागृहातले सहायक यांचेच अर्ज येतात. ते त्यांच्या कामात कुशल असतात, पण रस्त्याकडेला उलटलेल्या पिकअपमधून माणूस बाहेर काढणे हे त्यांचे शिक्षण नव्हे. जाहिरातीत ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन’, म्हणजे ज्याला सगळे ईएमटी म्हणतात, असे स्पष्ट लिहावे आणि प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, प्रत्यक्ष रुग्णालयात व रुग्णवाहिकेत किती तास काम केले, हे विचारावे. संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राचा कायदा झाला असून त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा समावेश आहे. राज्यातही परावैद्यक परिषदेचा कायदा आहे. म्हणून उमेदवाराची नोंदणी आहे का, हेही पाहून घ्यावे.

ईएमटी मिळत नसतील तर परिचारिकांकडे, म्हणजे जीएनएम व एएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलींकडे वळावे आणि त्यांना गाडीतल्या कामाचे वेगळे प्रशिक्षण द्यावे. आणखी एक स्रोत आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात सैन्याच्या वैद्यकीय शाखेतून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालेले जवान असतात. चाळिशीच्या आसपासचे, शिस्तीचे, गोळी लागलेला माणूस पाहून न डगमगणारे आणि मुख्य म्हणजे गावीच राहायचे ठरवून परतलेले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केल्यास असे लोक सापडू शकतात. त्यांना प्रसूती आणि लहान मुलांचे आजार तेवढे नव्याने शिकवावे लागतात.

मुलाखतीत पुस्तकी व्याख्या विचारू नयेत, प्रसंग द्यावेत. उदाहरणार्थ: बी प्रकारचा ऑक्सिजन सिलिंडर अर्धा भरलेला आहे, रुग्णाला मिनिटाला १० लिटर द्यावे लागत आहेत, आणि ग्रामीण रुग्णालय दीड तासावर आहे, तुम्ही काय कराल? पूर्ण भरलेल्या बी सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर असतात, म्हणजे अर्ध्यात ७५ मिनिटे. ज्याला हे तोंडी करता येते आणि जो लगेच ‘निघण्याआधी सिलिंडर का तपासला नव्हता’ असे उलट विचारतो, त्याला घ्यावे. दुसरा प्रसंग: घोणस चावलेल्या माणसाच्या पायाला घरच्यांनी गच्च दोरी बांधली आहे. नवी दोरी बांधायची नाही, जखम कापायची किंवा चोखायची नाही, पाय हलू द्यायचा नाही, आणि आधीची घट्ट दोरी वाटेत एकदम सोडायची नाही, ती डॉक्टरांसमोरच सोडायची; शिवाय साप पकडून आणण्यात वेळ घालवायचा नाही. एवढे ज्याला नीट सांगता येते, त्याच्या हाती गाव सुरक्षित आहे असे समजायला हरकत नाही.

अधिकाराच्या रेषा लेखी आखाव्यात

स्वयंसेवकाने काय करावे, ईएमटीने काय करावे आणि डॉक्टरांच्या आदेशाशिवाय काय करू नये, हे मराठीत, मोठ्या अक्षरात, गाडीच्या आतल्या बाजूला लावावे. जागा सुरक्षित करणे, रक्तस्रावावर दाब देणे, मान व मोडलेले हाड स्थिर ठेवणे, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणे आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबणे एवढे प्रत्येक स्वयंसेवकाला आलेच पाहिजे. प्रौढांमध्ये छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची, आणि ३० दाबांनंतर दोन श्वास द्यायचे. हे हाताला वळण पडल्याशिवाय जमत नाही. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), सक्शन (तोंडातली लाळ-रक्त ओढून काढणे), घशातली नळी, साखरेची तपासणी, वाटेत होणारी प्रसूती ही ईएमटीची कामे. शीर टोचणे आणि औषध देणे हे त्याच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच व्हावे, आणि कोणी, किती वाजता सांगितले याची नोंद जागच्या जागी करावी. मृत्यू घोषित करण्याचा अधिकार गाडीतल्या कोणालाही नाही. नातेवाईक ‘गेले का हो?’ असे विचारतात तेव्हा ‘आम्ही प्रयत्न थांबवलेले नाहीत, डॉक्टर पाहतील’ एवढेच उत्तर द्यावे.

या सर्वांच्या पाठीशी एक डॉक्टर नाव लावून उभा असला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, तालुक्यातले एखादे निवृत्त फिजिशियन किंवा भूलतज्ज्ञ यांना संस्थेने लेखी विनंती करून मार्गदर्शक नेमावे. त्यांचे काम मानाच्या खुर्चीचे नाही. त्यांनी स्थायी सूचना, म्हणजे कोणत्या प्रसंगी काय करायचे याचे आधीच लिहून दिलेले आदेश, तयार कराव्यात, रात्री-अपरात्री फोन उचलावा, आणि महिन्यातून एकदा सगळ्या फेऱ्यांचे कागद समोर घेऊन चर्चा करावी. वरंध किंवा आंबेनळी घाटासारख्या ठिकाणी काही वळणांवर फोनच लागत नाही, म्हणून स्थायी सूचनांमध्ये ‘संपर्क न झाल्यास काय करावे’ हे वेगळे लिहिलेले असावे. चर्चेत चुका काढायच्याच, पण चारचौघांत आणि नाव घेऊन नव्हे. पहिल्याच बैठकीत अपमान झालेला स्वयंसेवक दुसऱ्या बैठकीला येत नाही.

मध्यावर गाठ

ग्रामीण सेवेला मिळू शकणारा सर्वांत मोठा आधार बाहेरून येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. आपली गाडी गावातून निघते, १०८ ची प्रगत गाडी तालुक्याहून निघते, आणि दोघी वाटेत भेटतात. तिथे डॉक्टर आणि मॉनिटर रुग्णाकडे येतात. हे आयत्या वेळी फोनवर ठरवू लागले की दोन्ही चालक एकमेकांना शोधत फिरतात. म्हणून भेटीच्या तीन-चार जागा आधीच ठरवाव्यात: रात्रभर दिवे असणारा पेट्रोल पंप, टोलनाका, एखादे उपकेंद्र किंवा एसटीचा थांबा, जिथे दोन गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या राहू शकतील. ही यादी १०८ च्या स्थानिक गाडीवरील डॉक्टरांना आणि पायलटना (तिकडे चालकाला पायलटच म्हणतात) प्रत्यक्ष भेटून द्यावी, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना तिची प्रत द्यावी, आणि एखाद्या दुपारी दोन्ही गाड्या उभ्या करून रुग्ण हलवण्याचा सराव करावा. दोघांचे स्ट्रेचर वेगळ्या उंचीचे असतात ही साधी गोष्ट त्या दिवशी कळते. हस्तांतराच्या वेळी कार्बन कागदाची पावती असावी: घटना किती वाजता घडली, पहिली नाडी व रक्तदाब, ऑक्सिजनची पातळी, काय केले, काय दिले. तोंडी सांगितलेले अर्धे विसरले जाते.

माणसे सांभाळावीत कशी

गाडीत पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येकाला धनुर्वाताची लस आणि हेपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस मिळालेले असावेत; हे डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळे ‘आधी काम सुरू करू, मग बघू’ असे म्हटले की ते राहून जातात. रुग्णाला वापरलेली सुई टोचली तर एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, म्हणून जवळच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्राचा पत्ता गाडीत हवा. विम्याबाबत, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. ते सगळ्यांचे काढावेच, पण तेवढ्यावर थांबू नये, गट अपघात विमाही घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने अपघातस्थळी निरपेक्षपणे मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्यात मोबदल्याची अपेक्षा नसणे ही अट असल्यामुळे आपल्या पगारी ईएमटीलाही ते आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये. त्याच्यासाठी व्यावसायिक दायित्वाचा विमा वेगळा काढावा.

मनाचा भाग याहून अवघड आहे. शहरातल्या ईएमटीला रुग्ण अनोळखी असतो. गावात तो वर्गमित्र असतो, चुलता असतो, शेततळ्यात बुडालेले मूल शेजारच्या घरातले असते. कीटकनाशक प्यायलेल्या माणसाला ज्याने रात्री पोहोचवले, त्यालाच सकाळी पारावर ‘नेमके काय झाले?’ असे विचारले जाते, आणि तो गप्प राहिला तर शिष्ट ठरतो. अशा फेरीनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या जोडीने मार्गदर्शक डॉक्टर किंवा अनुभवी ईएमटीबरोबर बसावे, आणि पुढची पाळी सोडायची असेल तर कारण न विचारता सोडू द्यावी. झोप उडाली किंवा तोच प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे; तिथे मराठीतून बोलता येते. रुग्णाबद्दल बाहेर बोलायचे नाही हा नियम सरपंचांपासून सगळ्यांना सारखाच लागू असल्याचे ग्रामसभेत जाहीर करावे, म्हणजे गप्प राहणाऱ्याला आधार मिळतो.

पैसा, कट आणि शववाहिका

देणगीदार गाडी देतात, कारण गाडीवर नाव लिहिता येते. पगारावर नाव लिहिता येत नाही. म्हणून निधी मागताना गाडी आणि तीन वर्षांचे मानधन असा एकच प्रस्ताव मांडावा आणि केवळ गाडी देऊ करणाऱ्याला नम्रपणे थांबवावे. पगार कमी असला तरी तो ठरलेल्या तारखेला होणे फार महत्त्वाचे आहे. पगार रखडला की खासगी रुग्णालयांचा कट सुरू होतो, म्हणजे रुग्ण आणून दिल्याबद्दल चालकाला किंवा परिचराला पाकीट. एकदा हे सुरू झाले की गाडी जवळच्या नव्हे तर पाकीट देणाऱ्या दाराशी जाते. कोणत्या आजारासाठी कोणते रुग्णालय, हे मार्गदर्शक डॉक्टरांनी लिहून दिलेले असावे आणि त्याबाहेर गेल्यास कारण नोंदवावे. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राची २०२५ सालची योजना आहे, तीत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. ही माहिती दारातच नातेवाइकांना देणे हेही परिचराचे काम आहे.

गाडी शववाहिका म्हणून द्या, पाहुण्यांना स्टेशनवर सोडा, असे दडपण येतेच, आणि नाही म्हणण्याचे काम ईएमटीच्या गळ्यात मारू नये. तो ठराव संस्थेने करावा आणि त्याखाली अध्यक्षांची सही असावी. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा नेणे ही मात्र खरी गरज आहे. त्यासाठी शक्यतो साधी भाड्याची गाडी ठरवावी, नाहीतर ईएमटी तालुक्याला आणि सर्पदंशाचा रुग्ण गावात अशी वेळ येते.

कितीही आखणी केली तरी एखाद्या रात्री मागे बसायला कोणी नसेल. त्या रात्रीसाठीही नियम हवा. संध्याकाळी सहा वाजता यादी पाहणाऱ्याने ते ओळखून ग्रुपवर आणि आशा सेविकांना कळवावे की आज गाडी प्रशिक्षित माणसाशिवाय आहे, सर्वांनी थेट १०८ लाच फोन करावा. तरीही कोणी दारात आले आणि १०८ लांब असेल, तर चालकाने जवळचा स्वयंसेवक किंवा आशाताईंना सोबत घ्यावे, भेटीच्या ठरलेल्या जागेपर्यंतच गाडी न्यावी, आणि १०८ च्या डॉक्टरांना निघतानाच सांगावे की रुग्णाजवळ ईएमटी नाही. दुसऱ्या दिवशी वहीत त्या पाळीपुढे ‘रिकामी’ असे लाल शाईने लिहावे. महिन्याच्या बैठकीत सगळ्यात आधी त्या लाल ओळी वाचाव्यात.